प्रत्येक गोष्टीला प्रयोजन असते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डास कशाला आहेत? अपेंडिक्सचा काय उपयोग? पुरुषांना स्तनाग्रे का? गाजरगवताने कोणाचे भले होते? हे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, पण मुळाशी एकच शंका आहे: जे जे आहे ते कशासाठी तरी आहे का? या शंकेभोवती नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही शरीराचे आहेत, काही शेताचे आणि घरातल्या मोरीचे, काही दर्शनशास्त्राचे.

थोडक्यात सांगा, प्रत्येक गोष्टीला प्रयोजन असते की नाही?

नाही. प्रत्येक घडलेल्या गोष्टीमागे कारण शोधता येते. प्रयोजन मात्र काहींनाच असते.

गोंधळाचे मूळ मराठीतल्या 'का' या एका अक्षरात आहे. "पाऊस का पडतो?" या प्रश्नाला "बाष्प थंड होऊन थेंब होतात म्हणून" हे उत्तर चालते. "छत्री का घेतलीस?" या प्रश्नाला "भिजू नये म्हणून" हे. पहिला 'का' म्हणजे 'कशामुळे', दुसरा 'का' म्हणजे 'कशासाठी'. "पाऊस पडतो शेतकऱ्यासाठी" असे म्हटले की पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर दिले जाते. कोणताही 'का' समोर आला की आधी त्याच्या जागी हे दोन्ही शब्द घालून पाहा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

लोणारचे विवर घ्या. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा बेसाल्ट खडकात पडला तो अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघातामुळे. हे झाले 'कशामुळे'. 'कशासाठी'ला इथे उत्तरच नाही. आज त्याच्या खारट, अल्कधर्मी पाण्यात खास प्रकारचे सूक्ष्मजीव सुखाने राहतात, पण विवर त्यांच्यासाठी पडलेले नाही.

प्रयोजन, कार्य आणि उपयोग हे एकच नव्हे का?

नाही, आणि हा फरक पुढे प्रत्येक उत्तरात लागेल.

प्रयोजनाला कोणाचे तरी मन लागते. उलथने कोणीतरी भाकरी उलटायची म्हणून घडवले. कार्याला मन लागत नाही. हृदय रक्त ढकलते. ज्या पूर्वजांचे हृदय ते काम नीट करत होते त्यांची संतती टिकली, म्हणून आज आपल्या छातीत हृदय आहे. तिथे कोणी आराखडा काढला नव्हता, तरी "हृदय कशासाठी?" हा प्रश्न सार्थ ठरतो. उपयोग म्हणजे आधीच असलेल्या वस्तूचे आपण जे करतो ते. नाकावर चष्मा छान बसतो, पण नाक चष्म्यासाठी नाही.

तिसऱ्या प्रकाराचा नमुना स्वतःच्या हातावर पाहता येतो. अंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवा आणि मनगट किंचित तळहाताकडे वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी कंडरा वर उठून दिसेल. ती पामारिस लाँगस नावाच्या स्नायूची. जवळपास 15 टक्के लोकांत ती एका किंवा दोन्ही हातांत नसतेच, हे प्रमाण समाजागणिक कमी-जास्त आहे. नसलेल्यांची पकड काही लक्षणीय कमी नसते. म्हणूनच दुसरीकडची कंडरा तुटली की शल्यविशारद हीच काढून तिथे जोडतात. कार्य जवळजवळ शून्य, उपयोग मोलाचा. दिसली नाही तर घाबरू नका, आणि उजव्या हातावरून डाव्याचा अंदाज बांधू नका.

'अमन्त्रमक्षरं नास्ति' हे सुभाषित मग चुकीचे का?

चुकीचे नाही, अर्धेच वाचले जाते. मंत्र नाही असे अक्षर नाही, औषध नाही असे मूळ नाही, अयोग्य असा माणूस नाही. 'योजकस्तत्र दुर्लभः', योजना करणारा मात्र दुर्मीळ. सगळा भार शेवटच्या चरणावर आहे. सुभाषित उपयोगाबद्दल बोलते आणि उपयोग योजकाकडून येतो असे स्वच्छ सांगते. मुळी औषध होण्यासाठी जन्माला आली, असे त्यात कुठेही नाही.

चरकसंहितेतही जगात औषध नसलेले द्रव्य नाही म्हटले आहे, पण लगेच 'तां तां युक्तिमर्थं च' अशी अट घातली आहे: ती ती योजना आणि तो तो हेतू धरून. ही अट गाळली की नुकसान होते. "निसर्गातले आहे म्हणजे गुणकारीच" या समजुतीने कण्हेर आणि धोतरा पोटात जातात. कण्हेरीतली द्रव्ये हृदयाचे ठोके बिघडवतात. धोतऱ्याने भ्रम होतो, तोंड कोरडे पडते, बुबुळे विस्फारतात. अशा वेळी घरी उलटी काढत बसू नका. झाडाचा तुकडा पिशवीत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

एखाद्या अवयवाला कार्य आहे की नाही हे तपासतात कसे?

एका कसोटीवर कधीच नाही. रचना पाहतात: ती त्या कामाला बेतलेली दिसते का? काढून पाहतात: नसल्यास काय बिघडते? आप्त प्रजातींशी ताडतात: तोच अवयव त्यांच्यात मोठा आहे की लहान, किती वेळा नाहीसा झाला? खर्च पाहतात, कारण रक्त आणि अन्न खाणारा निरुपयोगी भाग पिढ्यान्‌पिढ्या झिजत जातो. गुहेतल्या आंधळ्या माशांचे डोळे असेच गेले.

सगळ्यात फसवी कसोटी काढून पाहण्याची. मूत्रपिंडदाता एका मूत्रपिंडावर चांगला जगतो म्हणून दुसरे निरर्थक ठरत नाही. शरीरात राखीव सोय असते. प्लीहा काढल्यावरही माणूस हिंडतो-फिरतो, म्हणून पूर्वी तिला फारसे महत्त्व देत नसत. पुढे कळले की अशा रुग्णांना न्यूमोकॉकससारख्या जिवाणूंचा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. आता ठरवून प्लीहा काढायची असेल तर शस्त्रक्रियेच्या किमान 14 दिवस आधी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जिवाणूंविरुद्धच्या लसी देतात. प्लीहा काढलेल्या माणसाने साधा ताप आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि प्लीहा नसल्याचे आधी सांगावे.

अपेंडिक्स आणि अक्कलदाढा तरी निरुपयोगीच ना?

1893 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट वीडर्शाइम यांनी माणसातल्या 86 अवशिष्ट अवयवांची यादी केली. तीत थायमस ग्रंथीही होती. याच ग्रंथीत रोगप्रतिकारक पेशी तयार होऊन निवडल्या जातात हे 1961 मध्ये जॅक मिलर यांनी दाखवले. यादीतले माकडहाडही रिकामे नाही, ओटीपोटाचा तळ धरणारे स्नायू त्याला बांधलेले असतात. वीडर्शाइम यांच्या लेखी मात्र अवशिष्ट म्हणजे पूर्वीपेक्षा कमी महत्त्व उरलेला अवयव. 'अवशिष्ट म्हणजे निकामी' हे समीकरण नंतर लोकांनी रूढ केले.

अपेंडिक्स ही साधारण 5 ते 10 सेंटिमीटर लांबीची नळी. तिच्या भिंतीत रोगप्रतिकारक ऊतक भरपूर असते. जुलाबाने आतडे धुऊन निघाले की उपकारक जिवाणूंचा साठा तिच्यात सुरक्षित राहतो, असा तर्क 2007 मध्ये मांडला गेला. म्हणजे कार्य असण्याची शक्यता चांगली आहे, पण ते लहान आहे, आणि अपेंडिक्स काढलेल्यांचे सहसा काही अडत नाही. म्हणून "देवाने दिले आहे तर असू दे" म्हणत शस्त्रक्रिया टाळू नका. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकते, सोबत मळमळ आणि भूक मरणे. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये आणि पोट शेकत बसू नये. फुटण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांनंतर झपाट्याने वाढतो.

अक्कलदाढांचे तसे सोपे आहे. भरड, कच्चे अन्न चघळणाऱ्या मोठ्या जबड्यात त्या बसत होत्या. जबडा लहान झाला, दाढा तशाच राहिल्या.

काही भाग मुळातच कशासाठीही नसतात, असे उदाहरण आहे?

आहे. आपल्या परंपरेने त्याला नावही देऊन ठेवले आहे: अजागलस्तन. शेळीच्या गळ्याखाली लोंबणारे दोन मांसल गोंडे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष यांपैकी काहीच न साधणाऱ्याचा जन्म या स्तनांसारखा निरर्थक, असा श्लोक आहे, आणि मराठीतला 'अजागळ' शब्द तिथूनच आल्याचे मानतात. या गोंड्यांचे कोणतेही ठोस कार्य सिद्ध झालेले नाही. ते आनुवंशिक असतात, काही शेळ्यांत असतात, काहींत नसतात, आणि नसलेल्या शेळीचे काही अडत नाही.

पुरुषांची स्तनाग्रे याच रांगेतली, फक्त त्यांचा उगम अधिक स्पष्ट आहे. गर्भ पहिले काही आठवडे मुलाचा असो वा मुलीचा, एकाच नमुन्याने वाढतो. स्तनाग्रांची जागा आखली गेल्यावर पुरुषत्वाचे संप्रेरक कामाला लागते. आखलेले पुसण्याने काही लाभ नाही, ठेवण्याने तोटा नाही, म्हणून ती राहिली. बिनकार्याची असली तरी दुर्लक्ष करू नका: पुरुषांच्या स्तनातही गाठ येऊ शकते आणि ती दाखवलीच पाहिजे.

जिन्याखालची तिरकी जागा आठवा. गवंडी ती 'बांधत' नाही. जिना तिरका असतो म्हणून ती उरते. नंतर आपण तिथे चपला, पाण्याची मोटार, जुने पेपर ठेवतो. सजीवांच्या शरीरात अशा उरलेल्या जागा खूप आहेत. रक्ताचा लाल रंगही तसाच. लोहयुक्त हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते, ते कार्य. ते लाल दिसते, हा त्याचा आपसूक परिणाम.

डोळ्यासारखी अचूक रचना हेतूशिवाय कशी होईल?

अचूकता हा हेतूचा पुरावा मानायचा असेल तर चुकाही मोजाव्या लागतील. डोळ्यातली चूक तुम्हाला आत्ता पाहता येईल.

कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि तिच्यापासून 8 सेंटिमीटर उजवीकडे अर्ध्या सेंटिमीटरचा भरीव ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा. कागद हातभर अंतरावर समोर सरळ धरून हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होईल आणि आणखी जवळ आणल्यावर पुन्हा दिसेल. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी: नजर नकळत ठिपक्याकडे वळते, चुकीचा डोळा झाकलेला असतो, किंवा कागद तिरपा असतो. रेघी वहीवर केलात तर ठिपक्याच्या जागी रेघ अखंड दिसते, कारण मेंदू रिकामी जागा भरून घेतो.

हे घडते कारण आपल्या दृष्टिपटलाचे तंतू पटलाच्या पुढून जातात आणि एका भोकातून मागे निघतात. त्या भोकापाशी प्रकाशग्राही पेशी नाहीत. ऑक्टोपसचा डोळा वेगळ्या वाटेने घडला. त्याचे तंतू मागूनच निघतात आणि त्याला असा आंधळा ठिपका नाही. आपल्या रचनेचा एक लाभ आहे: प्रकाशग्राही पेशी मागच्या पोषक थराला चिकटून राहतात. लाभ खरा, आंधळा ठिपकाही खरा.

स्वरयंत्राकडे जाणारी डावी चेता, म्हणजे मज्जातंतू, याहून बोलकी आहे. ती मेंदूकडून निघते, थेट छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि परत गळ्यात चढते. जिराफात हा फेरा सुमारे साडेचार मीटरचा होतो. माशांसारख्या पूर्वजांत कल्ल्यांजवळून जाणारी ती सरळ वाट होती. मान लांबत गेली, पण वाट बदलली नाही. या फेऱ्यामुळेच थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत ही चेता जपावी लागते, आणि छातीतल्या गाठीमुळेही आवाज बसू शकतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर घसा धरला आहे म्हणून सोडून देऊ नका.

डीएनएचा बहुतेक भाग 'कचरा' आहे हे खरे का?

बराचसा भाग, हो. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरे आहेत. प्रथिनांचे प्रत्यक्ष पाठ त्यातल्या जेमतेम दीड टक्क्यात मावतात. 2012 मध्ये डीएनएचा कोणता भाग काय करतो हे शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने 80 टक्के भागाला जैवरासायनिक कार्य असल्याचे जाहीर केले आणि 'कचरा नाहीच' अशा बातम्या झाल्या. पण त्यांनी 'इथे काहीतरी घडते' यालाच कार्य म्हटले होते. नळ ठिबकतो, आवाज होतो, फरशी ओली होते. काहीतरी घडते खरे, पण ते नळाचे कार्य नव्हे. उत्क्रांतीने जपून ठेवलेला भाग मोजला तेव्हा 2014 च्या एका अंदाजात तो सुमारे 8 टक्के निघाला.

कोणी "प्रत्येक अक्षर कामाचे" म्हटले तर कांदा समोर ठेवा. कांद्याचा जनुकसंच माणसाच्या पाचपट, सुमारे 16 अब्ज अक्षरांचा. कांद्याला आपल्यापेक्षा पाचपट सूचना लागतात हे पटण्यासारखे नाही. उलट टोकाला कीटकभक्षी युट्रिक्युलेरिया गिब्बा, म्हणजे कासच्या पठारावर फुलणाऱ्या 'सीतेची आसवे' या वनस्पतीचा भाऊबंद. तिचा संच फक्त 8.2 कोटी अक्षरांचा, जवळपास सगळा कामाचा, आणि तरी मुळाविना, पाण्यात पिशव्या लावून शिकार करणारी पूर्ण वनस्पती त्यातून उभी राहते.

आणखी एक खूण: क जीवनसत्त्व बनवायचे जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेले. कुत्रा, गाय, शेळी ते जीवनसत्त्व स्वतः बनवतात. आपल्याला आवळा, पेरू, लिंबू खावे लागते.

डास कशासाठी आहेत?

डास डासांसाठी आहेत. निसर्गाने कोणाला नेमून दिलेले काम असे काही नसते. जो जगून संतती मागे ठेवतो तो उरतो, इतकेच.

डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि माणसाला रोग देणाऱ्या त्यातल्या थोड्या. चावते फक्त मादी, अंड्यांसाठी लागणाऱ्या प्रथिनांसाठी. नर फुलांतला मध पितो. डासांच्या अळ्यांना मासे आणि चतुरांची पिल्ले खातात. एक मोठा डास तर चावतच नाही आणि त्याच्या अळ्या इतर डासांच्या अळ्या फस्त करतात. "डास नसतील तर चॉकलेट मिळणार नाही" हे मात्र चुकीचे आहे. कोकोच्या फुलांचे परागण चिलटांसारखे बारीक कीटक करतात, ते वेगळ्या कुळातले.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला. त्याच्याविना आपल्याकडच्या अन्नसाखळीचे काही अडलेले नव्हते. म्हणून त्याला हटवताना मन खाण्याचे कारण नाही. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळतात. चूक होते ती पाणी नुसते ओतून टाकण्यात. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पिंप काथ्याने घासा, मग उन्हात पालथे घाला. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, कूलर आणि गच्चीवरचे टायर विसरले जातात. गप्पी मासे बंदिस्त हौदात ठीक. ओढ्या-नदीत सोडू नका, ते स्थानिक माशांची अंडी आणि पिल्ले खातात.

पण निसर्गात प्रत्येकाची भूमिका असते असे शिकवतात. ते खोटे?

भूमिका म्हणजे परिणाम या अर्थाने खरे आहे. नेमणूक या अर्थाने नाही.

गिधाडांनी हे फार कठोरपणे दाखवून दिले. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण होते जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले की ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे स्फटिक साचत. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये कुपी 3 मिलिलिटरची ठरली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, पशुवैद्यांकडे त्याचीच मागणी करा. वेदनाशामक दिल्यावर लगेच दगावलेले जनावर उघड्यावर टाकू नका, पुरा.

गिधाड भुकेने खाते, सफाई व्हावी म्हणून नाही. तरी ते गेल्यावर मढी पडून राहिली, भटकी कुत्री वाढली. हेतू नसलेल्या गोष्टीवरही आपले किती अवलंबून असते! चीनमध्ये 1958 पासून धान्य खातात म्हणून चिमण्या मारल्या गेल्या. त्या किडेही खात होत्या. टोळ वाढले, पिके गेली, आणि 1960 मध्ये मारायच्या उपद्रवी जीवांच्या सरकारी यादीत चिमणीच्या जागी ढेकूण आला.

मात्र प्रत्येक प्रजाती गेल्यावर असा हाहाकार होतोच असे नाही. एकाच कामाला कधी पाच-सहा प्रजाती असतात. गिधाडाच्या जागी दुसरे कोणी नव्हते.

गाजरगवताचा काही तरी उपयोग असेलच की?

असला तरी त्यासाठी ते वाढू देऊ नका. हे अमेरिका खंडातले तण. 1950 च्या दशकाच्या मध्यात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आयात गव्हाबरोबर ते पसरल्याचे मानतात. मूळ देशात त्याला खाणारे कीटक आहेत, इथे नव्हते. म्हणून 1984 मध्ये मेक्सिकन भुंगेरे भारतात सोडले गेले.

एक झाड हजारो बिया टाकते, त्यामुळे वेळ सगळ्यात महत्त्वाची. फुले येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून आणि तोंड झाकून मुळासकट उपटा. त्वचेला खाज आणि दमा ही नेहमीची तक्रार आहे. कंपोस्ट करता येते: सुमारे 3 फूट खोल खड्ड्यात गवत, शेणकाला आणि माती यांचे थर द्या, ओल टिकवा, वरून माती-शेणाने लिंपून बंद करा. चार-पाच महिन्यांत खत होते. फुललेले गवत टाकले तर बिया जिवंत राहतात आणि खताबरोबर तण शेतभर जाते.

एखादी गोष्ट कशासाठी आहे कळत नसेल तर काढून टाकावी का?

माणसाने बांधलेली असेल तर आधी चौकशी करा. तिच्यामागे कोणाचे तरी डोके आहे.

मोरीतल्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप पाहा. पाणी लवकर जावे म्हणून त्याच्या आतला कप काढून टाकतात. दोन दिवसांत वास येतो, झुरळे येतात. तो कप आणि वळण साधारण 50 मिलिमीटर पाणी अडवून धरतात आणि तेच पाणी गटारातली हवा रोखते. बंद घरात हे पाणी आटते, म्हणून गावाहून परतल्यावर वास येतो. तांब्याभर नव्हे, बादलीभर पाणी ओता. शेताच्या बांधाचेही तसेच. पाणी कुठून येते आणि कुठे वळते हे एक पावसाळा पाहिल्याशिवाय तो फोडू नका.

निसर्गातल्या गोष्टीमागे डोके नसते, पण तिच्यावर टेकलेले बरेच काही असते. धामण मारण्याआधी गोदामातले उंदीर आठवा.

भारतीय दर्शने याबद्दल काय म्हणतात?

एकमत नाही, आणि वाद वाचण्यासारखा आहे. 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', प्रयोजनाशिवाय मूर्खसुद्धा हात हलवत नाही, असे मीमांसक कुमारिल म्हणतात. मग पूर्णकाम, म्हणजे कोणतीच इच्छा न उरलेल्या, ईश्वराला सृष्टी करण्यात काय मिळवायचे होते? हा आक्षेप ब्रह्मसूत्रांनी स्वतःच नोंदवला (2.1.32) आणि पुढच्याच सूत्रात उत्तर दिले: 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्'. केवळ लीला. शंकराचार्य तिथे सर्व काही मिळालेल्या राजाच्या क्रीडेचे आणि श्वासोच्छ्वासाचे दाखले देतात. श्वास आपण काही मिळवायला घेत नाही, तो स्वभावाने चालतो. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'तला चिद्विलास, म्हणजे चैतन्याचा खेळ, हाही या प्रश्नाच्या जवळचा. म्हणजे ईश्वर मानणाऱ्या या परंपरेतही सृष्टीला बाहेरचे प्रयोजन नाही.

सांख्यांचे उलट. जे जे अनेक भागांचे बनलेले ते दुसऱ्यासाठी, जशी बाज झोपणाऱ्यासाठी. म्हणून शरीर-मन पुरुषासाठी, म्हणजे चेतन आत्म्यासाठी (सांख्यकारिका 17). युक्तिवाद देखणा आहे, पण दगडांचा ढीगही अनेक भागांचा असतो आणि तो कोणासाठी नसतो. जड प्रकृती, म्हणजे अचेतन सृष्टी, हेतूने कशी वागेल? त्याला ते दुधाचे उदाहरण देतात: अज्ञ असूनही दूध वासराच्या पोषणासाठी वाहते (कारिका 57). शंकराचार्य अडवतात: दूध आपोआप वाहत नाही. चेतन गाईची माया आणि वासराचे चोखणे त्याला वाहवते.

गोठ्यात या वादाची दोन्ही टोके दिसतात. वासराने ढुशी मारली, कास धुतली, की गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन येते आणि ती पान्हा सोडते. हा प्रभाव काही मिनिटेच टिकतो, म्हणून धार 5 ते 7 मिनिटांत काढून व्हावी. कुत्रे भुंकले, अनोळखी माणूस आला, मारले, की भीतीचे संप्रेरक आड येते आणि गाय पान्हा चोरते. दूध जड हे सांख्यांचे बरोबर. नुसत्या जडाने भागत नाही हे शंकराचार्यांचे बरोबर. आणि गाईने यातले काही ठरवलेले नसते.

चार्वाकांच्या जवळचे स्वभाववादी विचारतात, काट्याला टोक कोणी काढले? कोणी नाही, तो स्वभाव. कोणी काढले नाही हे मान्य. पण बोरी-बाभळीच्या काट्याला कार्य आहे: शेळी त्यामुळे पाला सावकाश, थोडा खाते. 1859 नंतर डार्विनमुळे 'कर्ता नाही, तरी कार्य आहे' अशी तिसरी वाट सापडली. ती या जुन्या वादात कोणाच्या हाती नव्हती.

मूल विचारते, "डोंगर कशाला आहे?" काय सांगावे?

मुलांचा कल 'कशासाठी'कडे असतो. 1999 च्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांना "खडक टोकदार का?" विचारले तेव्हा "प्राण्यांनी त्यावर बसू नये म्हणून" अशी उत्तरे त्यांना पटली. मुलाला खोडून काढू नका, प्रश्न दोन करा. "डोंगर झाला कसा ते सांगू, की डोंगराचा कोणाला काय फायदा होतो ते?" सह्याद्री सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. त्यावर ढग अडतात, पाऊस पडतो, नद्या निघतात. दोन्ही सांगा, फक्त "नद्या निघाव्यात म्हणून झाला" असे जोडू नका.

आजारामागे, दुःखामागे काही हेतू असतो का?

तापाला कार्य आहे. शरीर स्वतःच आपले तापमान वर नेते आणि काही जंतूंना ते मानवत नाही. तरी तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला तर वाट पाहू नये. वेदनेलाही कार्य आहे. जन्मतः वेदना न जाणवणारी मुले जीभ चावून घेतात, भाजून घेतात. कर्करोगाला मात्र शरीराच्या दृष्टीने काहीच कार्य नाही. पेशींच्या विभागणीत होणाऱ्या चुका साचतात आणि काही पेशी शरीराचे ऐकेनाशा होतात.

म्हणून भेटायला गेल्यावर "यामागे देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य टाळावे. आजारी माणूस मग स्वतःचा अपराध शोधू लागतो. त्यापेक्षा गुरुवारी रुग्णालयात रात्री कोण थांबणार आहे ते विचारा, डबा कोणत्या वेळी हवा ते विचारा. आपले आयुष्य कशासाठी, हा प्रश्न त्याने स्वतः काढला तर घाईने उत्तर देऊ नका. माणसाला मन आहे. प्रयोजन ठेवणाऱ्यांपैकी तो आहे, त्यामुळे त्याचे उत्तर त्याच्याकडूनच यायचे आहे. खुर्ची पलंगाजवळ ओढून ऐकत बसा.